तीन महिने नेदरलँड्सला चाललोय. सिम भाच्याकडे ठेवू का? बँकेचं काय करू?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सुनेचं बाळंतपण आहे म्हणून मार्चच्या मध्याला आम्ही दोघं आइंडहोव्हनला मुलाकडे चाललोय. व्हिसा ९० दिवसांचा मिळालाय आणि जवळपास सगळे दिवस राहायचा विचार आहे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पेन्शन एका राष्ट्रीयीकृत बँकेत येते. दुसरं खातं सांगलीतल्याच एका सहकारी बँकेत. त्यात ठेवी आहेत आणि वरच्या मजल्याचं भाडंही तिथंच जमा होतं. दोन्ही खात्यांना नंबर एकच, माझा.

आता अडचण. आम्ही तिकडं असलो तरी इकडचं थांबत नाही. लाइटबिल, सौ.च्या विम्याचा हप्ता, पलूसकडच्या रानाची पाणीपट्टी, घर झाडायला येणाऱ्या मावशींचा पगार, सगळं मी फोनवरून करतो. मिरजेचा भाचा म्हणतो, "मामा, तुमचं सिम माझ्याकडं ठेवून जावा. ओटीपी आला की व्हॉट्सॲपवर सांगतो. एटीएम कार्ड पण ठेवा, काढून देत जाईन." पोरगा चांगला आहे, त्यात शंका नाही. आमराईत सकाळी फिरायला येणारे एकजण म्हणतात, परदेशात वाय-फायला फोन जोडला की खातं साफ, आधी व्हीपीएन नावाचं ॲप टाकून घ्या. आणि चिरंजीव म्हणतात, "बाबा, काही होत नाही, या तुम्ही."

तिघांपैकी कुणाचं ऐकू? आणि सहकारी बँकेचं रुपे कार्ड तिकडं चालतं का? यूपीआय?

माधवनगर रोड

एवढं टेन्शन घेऊ नका काका. आमचे पप्पा दुबईला गेले तेव्हा सिम माझ्याकडंच होतं. मी ओटीपी सांगायचो, ते भरायचे. काही झालं नाही. भाचा घरचाच आहे की.

शाखेतला जुना माणूस, सातारा

विश्रामबागकर साहेब, सिम भाच्याकडं ठेवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी सहकारी बँकेत नोकरी केली. शेवटची वर्षं कार्ड आणि तक्रारींच्या टेबलावर गेली. वाय-फायमधून पैसे गेले असा अर्ज त्या टेबलावर आलेला मला आठवत नाही. जे आले ते फोनवर बोलता बोलता गेलेल्या पैशांचे, किंवा 'नंबर मुलाकडं होता', 'पिन सुनेला माहीत होता' अशा घरगुती व्यवस्थेतून झालेल्या घोळांचे. आणि दुसऱ्या प्रकारात माणूस बोलायलाही लाजतो, कारण तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?

भाच्याच्या दानतीचा प्रश्न नाही. त्याचा फोन हरवू शकतो, दुकानात दुरुस्तीला जाऊ शकतो, त्याचं व्हॉट्सॲप कुणी दुसराच चालवायला लागू शकतो. तुमच्या दोघांत ओटीपीची देवाणघेवाण रोजची झाली की एके दिवशी त्याचा फोटो लावलेल्या दुसऱ्याच नंबरवरून "मामा, आलेला आकडा पाठवा" असा निरोप येतो आणि तुम्ही सवयीनं पाठवता.

माधवनगर रोडवाल्यांचं काही झालं नाही, आनंद आहे. झालं असतं तर काय, ते सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यातला नियम असा (आत्ता काय लागू आहे ते शाखेत विचारून घ्या). तुमचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणामुळं पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर शून्य बोजा. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत. त्यापुढं बँकेचं धोरण सांगेल तसं. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात आलं. पण त्यातच लिहिलंय की ग्राहकानं स्वतः पिन, ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते खरी. पण सिम मिरजेत, कार्ड मिरजेत आणि खातेदार आइंडहोव्हनला, हे तुम्हीच लेखी दिल्यावर बँकेला सिद्ध करायला काय उरलं?

आणखी एक कुणी सांगत नाही. सिम इथं ठेवून गेलात की तुम्ही आंधळे होता. खात्यातून रक्कम गेल्याचा मेसेज मिरजेत वाजणार. भाचा ड्युटीवर असला तर संध्याकाळी बघणार. यूपीआयचं ॲप सिमला बांधलेलं असतं, बऱ्याच बँकांचं मोबाईल ॲपही. सिम काढलंत की तिकडं ते उघडायचंच नाही.

तेव्हा सिम तुमच्याच फोनात राहू द्या. निघायच्या आधी, इथं असतानाच, कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. तिकडं गेल्यावर फोनातलं 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. इंटरनेटला मुलाच्या घरचं वाय-फाय आहे. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, रोमिंगवर येणारा एसएमएस बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतो. आलेला फोन उचलला तर मात्र पैसे पडतात. आणि रिचार्ज बघा. आपल्याकडं ८४ दिवसांचे प्लॅन फार चालतात आणि तुम्ही चाललाय जवळपास ९० दिवसांसाठी. शेवटच्या आठवड्यात प्लॅन संपला की परतीच्या तिकिटात काही बदल करायचा असेल तेव्हाच ओटीपी येणं थांबेल. वर्षाचा मारून टाका.

तिकडचं सिम घ्यायचं झालं तर दुसऱ्या खाचेत घाला किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनातच चालू होणारं सिम) घ्या. आपलं काढून पाकिटात ठेवू नका.

बिलांचं म्हणाल तर भाच्याचा विश्वास दुसऱ्या पद्धतीनं वापरा. मावशींचा तीन महिन्यांचा पगार आणि पाणीपट्टी एवढे पैसे आधीच त्याच्या खात्यावर टाका, तो देईल. विम्याच्या हप्त्याला बँकेतून आपोआप कापून जाण्याची सोय लावा. महावितरणला आगाऊ रक्कम भरता येते, ती भरून मोकळे व्हा. म्हणजे तिकडून करायला फारसं काही उरतच नाही. एटीएम कार्ड देऊ नका.

आता ठेवी. याकडं लोकांचं लक्षच नसतं. बऱ्याच बँकांच्या ॲपमधून मुदत ठेव घरबसल्या मोडता येते, ठेवीवर कर्जही उचलता येतं. चोराला तुमच्या बचत खात्यातल्या तीस-चाळीस हजारांत रस नसतो. तो आत शिरला की आधी ठेव मोडतो, पैसा बचतीत आणतो आणि मग बाहेर काढतो. शाखेत जाऊन सांगा की ऑनलाइन ठेव मोडायची सोय बंद करा, आणि रोजची पाठवायची मर्यादा कमीत कमी ठेवा. परत आलात की वाढवून घ्या.

मोबाईलवाला, एसटी स्टँड

वरच्या साहेबांनी बँकेचं सांगितलं, मी फोनचं सांगतो. माझं दुरुस्तीचं दुकान आहे.

काका, तुमचा फोन लॉक करून टेबलावर ठेवा आणि बायकोच्या फोनवरून त्याला एक मेसेज टाका. लॉक असतानाच मेसेज वाचता आला ना? ओटीपी पण तसाच दिसतो. चोराला तुमचं लॉक उघडायची गरजच नाही. सेटिंगमध्ये नोटिफिकेशन, तिथं लॉक स्क्रीनवर 'मजकूर लपवा' असं काहीतरी असतं, ते करा. माझ्याकडं येणाऱ्या फोनांत हे केलेला फोन क्वचित दिसतो.

दुसरं म्हणजे सिमला पिन लावा. फोनच्या लॉकचा पिन वेगळा, सिमचा वेगळा. नाहीतर फोन मारणारा सिम काढून स्वतःच्या फोनात घालतो आणि सगळे ओटीपी त्याला. फक्त पिन लावताना जपून. आधी कंपनीचा ठरलेला पिन मागतो. अंदाजानं तीनदा चुकीचा टाकला की सिम अडकतं, मग ते उघडायला पीयूके नंबर लागतो. विमानतळावर बसून हा उद्योग करू नका, घरी करा.

व्हीपीएनचं. बँकेचं ॲप आणि बँकेची साइट आपलं बोलणं आधीच कुलूपबंद करून पाठवतात. मधल्या वाय-फायवाल्याला तुम्ही कुठल्या बँकेशी बोलताय एवढं कळेल फार तर, पासवर्ड नाही. फुकटचं व्हीपीएन टाकलंत तर तुमची सगळी ये-जा एका अनोळखी कंपनीच्या दारातून जाते. ती फुकट का देते, याचा विचार करा. वर ते लावल्यावर बँकेचं ॲप कधी कधी उघडतच नाही. त्याला वाटतं, माणूस मघाशी एका देशात होता, आता दुसऱ्याच. दुबईत विमान बदलताना कुणाला तरी व्हॉट्सॲपवर बोलायचं असतं, ते तिकडं बंद, म्हणून लोक असली ॲपं टाकतात, आणि तोच फोन मग बँकेला वापरतात.

विमानतळाच्या वाय-फायनं नाव, ई-मेल मागितला तर ठीक. कार्ड नंबर मागितला किंवा 'हे ॲप टाका' म्हणाला तर बंद करा आणि पुस्तक वाचा. बँकेचं काम मुलाच्या घरी पोचल्यावर.

चार्जर स्वतःचा न्या. दोन पिनांचा आपला मोबाईल चार्जर नेदरलँड्समध्ये चालतो, तीन पिनांचा नाही.

माहेर मिरज, सासर वेल्डहोव्हन

काका, आइंडहोव्हन म्हणजे माझ्या शेजारचंच. इथलं थोडं सांगते.

रुपेचं आधी. देशातल्या वापरासाठी दिलेलं साधं रुपे कार्ड इथे चालणार नाही. आंतरराष्ट्रीय रुपे असेल तर ते डिस्कव्हर आणि डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, पण इथे त्यावर विसंबून राहू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं. तेही चालू करून आणा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. परदेश, ऑनलाइन आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) हे तुम्ही सांगितल्यावर चालू होतं. माझे सासरे आले तेव्हा सुपरमार्केटच्या रांगेत कार्ड नाकारलं गेलं, मागे सात-आठ माणसं, आणि सासरे मशीनकडे असे बघत होते जणू तेच चोर ठरलेत. परदेश चालू केलं होतं, टॅप राहिलं होतं.

माझा सल्ला, बचत खात्याचं कार्ड आणूच नका, किंवा आणलंत तरी बॅगेच्या तळाशी ठेवा. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घ्या. त्यात जेवढं भरलंय तेवढंच जाऊ शकतं, पेन्शनचं खातं त्याच्या मागे लागलेलं नसतं.

यूपीआय फ्रान्समध्ये आयफेल टॉवरला चालतं, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंकेत चालतं. इथल्या किराणा दुकानात नाही. उलट काही दुकानं रोख घेतच नाहीत, दारावर 'पिन ओन्ली' लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त कार्ड. बस आणि ट्रेनला चढताना-उतरताना कार्ड टॅप केलं की भाडं कापलं जातं. दोघांना एकाच कार्डावर जाता येत नाही हं, प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. ५० युरोच्या वरच्या खरेदीला मशीन पिन मागतं.

मशीनवर किंवा एटीएमवर कधी कधी प्रश्न येतो, रुपयांत घेऊ की युरोत? रुपये बघून बरं वाटतं, घरचं काहीतरी दिसलं असं. युरोच निवडा. रुपये निवडलेत तर दर ते मशीन लावतं, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. पैसे काढायचेच झाले तर पिवळ्या रंगाची 'गेल्डमाट' मशिनं आहेत, इथल्या मोठ्या बँकांनी मिळून काढलेली.

ट्युलिप बघायला कोकेनहोफला जाल, मार्च ते मेच तो हंगाम. ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त त्यांच्याच साइटवर मिळतं. गूगलवर शोधलं की भलतीच पानं वर येतात. आणि बाहेरच्या बऱ्याच साइट ओटीपी न मागताच कार्डावरून पैसे उचलतात, आपल्याकडच्यासारखं थांबून विचारत नाहीत. म्हणून तिकिटं मुलाला काढू द्या आणि तुमच्या कार्डाचं परदेशी ऑनलाइन बंदच ठेवा.

ॲमस्टरडॅम स्टेशनवर आणि ट्राममध्ये खिसेकापू आहेत. झब्ब्याच्या बाजूच्या खिशात फोन ठेवू नका. आणि काकू, इथे येताना चकलीची भाजणी आणा, ती कस्टमला कुणी अडवत नाही. खव्याची मिठाई मात्र नको. दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. मेसेज टाकून बघितला. खरोखर लॉक असताना आख्खा वाचता आला, अगदी सौ.नं लिहिलेलं "दूध आणा" सुद्धा. लपवून टाकलं.

भाच्याला सांगितलं तर थोडा फुगला. "मामा, माझ्यावर विश्वास नाही का?" त्याला वरचं परिपत्रकाचं वाचून दाखवलं. मग म्हणाला, "असं असेल तर मलाच नको." बरं झालं.

दोन शंका राहिल्या. काही गडबड झालीच तर तिकडून फोन कुणाला करायचा? आणि सौ.ला विमानतळावरून फोटो टाकायचेत स्टेटसला, त्यात काही धोका?

शाखेतला जुना माणूस, सातारा

फोनचं आधी. १८०० नं सुरू होणारे फुकट नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत, आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तिकडून विसंबू नका. दोन्ही बँकांचे +९१ नं सुरू होणारे नंबर आणि ई-मेल शाखेतून किंवा पासबुकावरून लिहून घ्या, कागदावर. फोनच चोरीला गेला तर फोनमध्ये लिहिलेल्याचा काय उपयोग. तो कागद पासपोर्टच्या कव्हरात. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधू नका, तिथं आधी चोरच भेटतात. बँकेची साइट बघायची झाली तर पत्ता .bank.in नं संपतोय का बघा. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

इथं भाच्याला खरं काम द्या. तुम्ही तिकडून बँकेला कळवायचं, कार्ड ॲपवरून बंद करायचं, आणि त्याच वेळी त्यानं इथून १९३० ला फोन लावायचा. त्यासाठी खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम एवढं पुरतं. पिन-ओटीपी कुणालाच लागत नाही. कुणी मागितला तर तो १९३० वाला नव्हे. सायबर गुन्ह्यांचं सरकारी पोर्टलही आहे, तक्रार तिथंही करता येते.

वेळेचा फरक लक्षात ठेवा. मार्चअखेरीला तिकडं घड्याळ पुढं करतात, त्यानंतर ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. सांगलीत शाखा दहाला उघडते तेव्हा तिकडं साडेसहा. म्हणजे सकाळी बँकेचं नाव सांगणारा फोन तुम्हाला अंथरुणात गाठणार, आणि अर्धवट झोपेत माणूस 'हो' फार पटकन म्हणतो. सरळ ठेवून द्या आणि चहा झाल्यावर कागदावरच्या नंबरला तुम्ही लावा.

स्टेटसचं. वहिनींना फोटो टाकू द्या, हौस आहे. पण परत आल्यावर टाकले तर जास्त चांगलं. घर तीन महिने बंद आहे हे सगळ्या गावाला कळतं, ते एक. दुसरं, तुम्ही परदेशात आहात हे कळल्यावर इकडच्या नातेवाइकांना फोन येतात: "तुमचे मामा कस्टममध्ये अडकलेत, लगेच पैसे टाका." माणूस विमानात असताना आले तर खात्री करायला तुमचा फोनही लागत नाही. भाच्याशी आणि बहिणीशी एक प्रश्न ठरवून ठेवा, घरच्यांनाच उत्तर माहीत असेल असा. गावाकडच्या बैलाचं नाव विचारा.

माहेर मिरज, सासर वेल्डहोव्हन

इथेही असले फोन येतात, 'बँकेतून बोलतोय' म्हणून. इथे तर म्हाताऱ्यांच्या घरी माणूस पाठवून कार्डच गोळा करतात, पोलीस सारखं सांगत असतात. मुलगा-सून कामावर असताना बेल वाजली आणि कुणी बँकेचं नाव काढलं तर दार उघडायचं नाही. फारच त्रास दिला तर ११२.

विश्रामबागकर

बैलाचं नाव ठरलं, इथं लिहीत नाही. उद्या शाखेत ठेवींचं आणि फॉरेक्स कार्डाचं बघून येतो. मोबाईलवाले, तो पीयूके नंबर कुठं मिळतो? माझं सिम फार जुनं आहे.

मोबाईलवाला, एसटी स्टँड

सिम ज्या प्लॅस्टिकच्या कार्डातून तोडून काढलं त्यावर छापलेला असतो. ते आता कुठलं सापडायला. कंपनीच्या ॲपमध्ये बघा, नाहीतर आधार घेऊन त्यांच्या दुकानात जा, देतात. एवढं जुनं असेल तर तिथंच नवीन सिम मागून घ्या, नंबर तोच राहतो. पण हे जायच्या दोन-तीन आठवडे आधी करा, आदल्या दिवशी नको. सिम बदललं की यूपीआय आणि बँकेचं ॲप पुन्हा नोंदवावं लागतं, आणि काही बँका पहिले काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत.